शुभेच्छुकांच्या रांगेतला आमचा मुलगा

अंबाईटँक | १२ जून, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं वाचते, लिहिते कमी. आज डोकं भणाणलंय म्हणून धागा काढते. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मुलगा सोळा वर्षांचा. दहावी झाली, मार्क बरे पडले, आता अकरावीच्या यादीची वाट बघतोय. आम्ही कोल्हापुरात, पेठेत राहतो. ह्यांचं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप, मी एका पतसंस्थेत. मुलाच्या पाठीवर एक मुलगी आहे.

दीड-दोन वर्षं झाली, मुलाचा एक मित्र आहे. गल्लीत त्याला सगळे शेठ म्हणतात, आपणही शेठच म्हणू. वय अठराच्या आतबाहेर. बारावीला दांडी, बुलेट, गॉगल, मागं पाच-सहा पोरं. आता गंमत अशी की शेठ आमच्या मुलाशी कधी वाकडं बोलत नाही. खांद्यावर हात टाकून चारचौघांत "आपला आर्टिस्ट" म्हणतो. मुलाला लहानपणापासून चित्रकलेचा नाद. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही झाल्यात. वर्कशॉपच्या जुन्या कॉम्प्युटरवर कोरल ड्रॉ आपलं आपण शिकला. तर शेठच्या मंडळींचे वाढदिवस, कुणाची कुठं निवड, ट्रॉफी, गणपतीचं आगमन, सगळ्याचे फ्लेक्स हाच करतो. फुकट. दहावीच्या प्रिलिमच्या आदल्या रात्रीही केलाय.

मागच्या आठवड्यात शेठचा वाढदिवस झाला. चौकात वीस फुटी फ्लेक्स. मधे शेठ, पाठीमागं सिंहाचं तोंड, कडेनं ठिणग्या, खाली शुभेच्छुकांची डोकी तीन रांगांत. ऑफिसातून येताना गाडी थांबवली आणि त्या डोक्यांत आमचं डोकं शोधलं. नव्हतं. म्हटलं असेल कुठंतरी, परत पहिल्यापासून बघितलं. नव्हतंच.

दोन दिवसांनी वर्कशॉपच्या बिलांसाठी कॉम्प्युटर उघडला तर त्याच फ्लेक्सच्या दोन फायली. पहिलीत दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथा, आमचा मुलगा. पांढरा शर्ट, मागच्या दिवाळीतला. दुसरीत त्याच जागी कुणीतरी दाढीवाला. धाकटीला विचारलं. ती म्हणाली, "शेठनं सांगितलं एक जागा पाहिजे, तू काय घरचाच आहेस, तुझा काढ."

आणि ह्यानं काढला. स्वतःच्या हातानं स्वतःचं डोकं कापून दुसऱ्याचं बसवलं, बाजूच्या दोघांच्या मधलं अंतरसुद्धा नीट जुळवून घेतलं. मी विचारलं तर म्हणतो, "आई, तुला नाही कळणार. आमच्यात असलं काय नसतंय."

ह्यांचं म्हणणं मोबाईल काढून घ्या आणि सांगलीला होस्टेलवर टाका. सासूबाई म्हणतात येईल वळणावर. मला दोन्ही पटत नाही. मैत्री तोड म्हणून सरळ सांगावं का? शेठची बुलेटही हा चालवतो असं कानावर आलंय. त्या वाढदिवसाला केक तलवारीनं कापला, तो व्हिडिओ मी पाहिला.

खरीकॉर्नर | १२ जून, रात्री ११:५९

मोबाईल काढून घेऊ नका. शेठ दुसऱ्या दिवशी नवा आणून देतो. बघितलंय.

वकिलीण_बाई | १३ जून, सकाळी ७:२०

ताई, मैत्रीचं बाकीचे सांगतील. गाडीचं मी सांगते, कारण ते आज करण्यासारखं आहे. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली जे बदल झाले त्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलानं गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार. २५,००० रुपये दंड, ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. शेवटचं पोराला सांगा. दंडाला पोरं भीत नाहीत, तो बापाच्या खिशातून जातो. पंचविशीपर्यंत केएमटीच्या बसनं फिरायचं म्हटलं की ऐकतात.

तलवारीचं म्हणाल तर असे केक कापणाऱ्यांवर शस्त्र कायद्याखाली गुन्हे नोंदवतात आणि व्हिडिओत दिसेल त्याला बोलावतात. फोटोतून डोकं गेलं ते बरंच झालं म्हणायचं.

पेठेतला_म्हातारा | १३ जून, सकाळी ९:०५

अंबाईटँक, तुमचं दुःख समजलं. पण आता इथं येऊन कुणी "पेठेतली पोरं, तालमीतली पोरं" असा सूर लावायच्या आत बोलून घेतो. मी तालमीच्या मातीत वाढलो. २०१९ च्या महापुरात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३, त्यावरून हिशेब करा. तेव्हा गळ्याएवढ्या पाण्यात उतरून म्हातारी माणसं बाहेर काढणारी हीच पोरं. २०२१ ला परत तेच. तालमीत वस्ताद असतो, त्याच्या पुढं कुणाचा शेठपणा चालत नाही. फुटबॉलच्या संघातही तसंच, शाहू स्टेडियमवर गोल मारला नाही तर गल्लीच तुम्हाला शेठ म्हणायचं बंद करते. तुमचा शेठ कट्ट्यावरचा. कट्ट्याला वस्ताद नसतो, तिथं ज्याच्याकडं गाडी तो मोठा.

माझं म्हणणं, पोराला कुठल्यातरी वस्तादाकडं घाला. कुस्तीच पाहिजे असं नाही.

दुबईत_तांबडा | १३ जून, सकाळी ११:३२

होस्टेलला माझा पाठिंबा. आमच्या वडिलांनी मला असाच उचलून आजोळी टाकला होता, त्या दिवसापासून आजपर्यंत मजेत आहे. (कोल्हापूरची आठवण काढून रडतो ते वेगळं.)

निपाणी_मेल | १३ जून, दुपारी १:१५

थोडं कडू बोलतो, राग मानू नका. धाग्यात शेठ खलनायक झाला आणि मुलगा बिचारा. मुलाला ह्यातून काय मिळतंय ते कुणी विचारलंच नाही. त्याची कला घरात कुणी बघितली होती का? वीस फुटी चित्र, भर चौकात, हजारो लोक रोज बघतात. दहावीच्या पोराला असं प्रदर्शन कोण भरवून देणार? शेठनं दिलं. तुम्ही मैत्री तोड म्हणाल म्हणजे त्याच्या मते चौकातला फ्लेक्स काढा म्हणाल. आणि शेठलाही आई असेलच. तिच्या धाग्यात कोण वाईट असेल सांगता येत नाही.

सीमा_इचल | १३ जून, दुपारी १:४०

निपाणी, अहो ती माउली रात्री बारा वाजता लिहितेय आणि तुम्ही उलटतपासणी काय घेताय?

अंबाईटँक | १३ जून, दुपारी ३:१०

सीमाताई, असू दे. ते बोलले ते लागलं, पण खोटं नाही. घरात आम्ही "छान आहे" म्हणतो आणि जेवायला बसतो.

शाळामास्तर | १३ जून, रात्री ९:२५

पस्तीस वर्षं शाळेत काढली, म्हणून दोन शब्द.

"एकटा असला की किती शहाणा असतो हो, त्या पोरांत गेला की वेडा होतो" हे वाक्य प्रत्येक पालकसभेत ऐकलंय. ते खरं आहे, आणि ते तपासलेलंही आहे. गार्डनर आणि स्टाइनबर्ग ह्या अमेरिकेतल्या अभ्यासकांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं का दामटायचं ते आपण ठरवायचं. एकेकट्याला बसवलं तेव्हा १३ ते १६ वर्षांची मुलं आणि मोठी माणसं जवळपास सारखीच वागली. शेजारी दोन मित्र असले, तर मुलांनी घेतलेला धोका जवळजवळ दुप्पट झाला. मोठ्यांना काही फरक पडला नाही. म्हणजे पोरगं तेच, मित्र शेजारी आले की वागणं बदलतं.

तेव्हा "तुला अक्कल नाही का" हे विचारण्यात अर्थ नाही. अक्कल आहे, ती शेठसमोर बाजूला बसते. ह्याच कारणानं मी मैत्री तोड म्हणून सांगायच्या विरोधात आहे. तुम्ही शेठला नावं ठेवलीत की तो शेठची वकिली करणार, आणि वकिली करता करता त्याची स्वतःचीच खात्री पटत जाणार. शेठचं नावच घरात काढू नका. पेठेतला म्हातारा म्हणाले तो वस्ताद शोधा.

मी_येतो_की | १४ जून, रात्री १२:५२

मी एकोणीस वर्षांची आहे, राजारामपुरीत राहते. इथं सगळे पालक बोलतायत म्हणून.

माझी एक मैत्रीण होती, सातवीपासून. माझ्या फोनचा पासवर्ड तिच्याकडं, तिचा माझ्याकडं नाही. तिची प्रॅक्टिकलची जर्नल मी पूर्ण करायची. रंकाळ्यावर गेलो की फोटो मी काढायचे. मी कुठला ड्रेस घालायचा ते ती सांगायची आणि घातला की हसायची. आई म्हणायची सोड तिला. मी आईशी दोन-दोन दिवस बोलायचो नाही.

तुम्हाला वाटतंय तुमचा मुलगा आंधळा आहे. नाही हो काकू. मला पहिल्यापासून सगळं दिसत होतं. पण तिच्याबरोबर नसलो तर मी कुणाबरोबर आहे, ह्याचं उत्तर नव्हतं. कॉलेजच्या कँटीनमध्ये एकट्यानं बसून वडापाव खाऊन बघा एकदा, म्हणजे कळेल.

माझी सुटली ती भांडून नाही. मी पन्हाळा-पावनखिंड मोहिमेला गेलो. जुलैत असते ती, मसाई पठारावरून. तिला चिखल नको होता म्हणून ती आली नाही. दोन दिवस पाऊस, बुटात जळवा, आणि मला ओळखणारं कुणी नाही. पहिल्या रात्री मुक्कामाला एका ताईनं विचारलं, "तुला चहा कसा लागतो?" आणि मला सांगता येईना. ती मैत्रीण कोरा घ्यायची म्हणून मी कोरा घ्यायचो. मला कोरा अजिबात आवडत नाही.

परत आल्यावर लगेच काय बदललं नाही. सांगायचं एवढंच, त्याला अशा ठिकाणी जाऊ द्या जिथं तो शेठचा कुणीच नाही.

दुबईत_तांबडा | १४ जून, सकाळी १०:०५

होस्टेलचं मत मागं घेतो. पोरी, आता चहा कसा घेतेस?

मी_येतो_की | १४ जून, सकाळी १०:११

दुधाचा, गोड, आलं जास्त 😄

अंबाईटँक | २१ सप्टेंबर, रात्री १०:३०

मंडळी, धागा वर काढते. खूप जणांनी व्यनि (खाजगी निरोप) केले, सगळ्यांना उत्तरं देता आली नाहीत.

शेठचं नाव घरात काढायचं बंद केलं. ह्यांना ते जड गेलं, पण पाळलं. बुलेटचं वकिलीणबाईंनी सांगितलं तसं सांगितलं. पंचविशीचं ऐकून तो गप्प झाला, नंतर धाकटीकडून कळलं की त्यानं नेटवर शोधून खात्री करून घेतली.

वस्ताद मात्र योगायोगानं मिळाला. वर्कशॉपची पाटी गंजली होती. नवी फ्लेक्सची कर म्हणून ह्यांनी मुलाला सांगितलं, तो म्हणाला करतो. मग ह्यांचं काय डोक्यात आलं कुणास ठाऊक, म्हणाले पत्र्यावरच करू, हातानं, आमच्या वडिलांच्या वेळची होती तशी. जुन्या भागात एक पेंटर आहेत, सत्तरीच्या आसपासचे. पूर्वी ट्रक, दुकानं, तालमींच्या पाट्या सगळं करायचे. फ्लेक्स आल्यापासून काम तुटलं, आता महिन्याला चार-दोन पाट्या. ते वर्कशॉपवर आले आणि मुलगा बघत उभा राहिला.

मी डबा द्यायला गेले होते तेव्हा स्वतः बघितलं. खडू चोळलेली दोरी दोन टोकांना धरून टिचकी मारली की पत्र्यावर सरळ रेघ उठते. हात टेकवायला काठी, काठीच्या टोकाला चिंधी बांधलेली. उभ्या दांड्या सगळ्या आधी ओढून घेतल्या, मग पोटं, मग काने-मात्रा. शिरोरेघ शेवटी, चपट्या ब्रशनं, श्वास धरून, एका ओढीत. मुलगा म्हणाला, "चुकलं तर?" पेंटर म्हणाले, "रॉकेलचा बोळा हाय की. पन पुसल्यालं मला दिसतंय, तुला न्हाई दिसायचं."

त्याच संध्याकाळी ह्यानं विचारलं, मी तुमच्याकडं येऊ का? ते म्हणाले, "ब्रश धुवायला ये." आणि हा जायला लागला. कॉलेज सुटल्यावर, आठवड्यातून तीन-चारदा. पहिला महिना खरोखर ब्रशच धुतले. मग जुन्या वर्तमानपत्रावर नुसत्या दांड्या. फ्लेक्सवर वीस फूट भरून काढणारा मुलगा, आणि एका दांडीला त्याचा हात थरथरतो. चिडायचा, पण जायचा.

आता मुद्दा. गणपतीत शेठचा निरोप आला, आगमनाचे चार फ्लेक्स पाहिजेत, उद्यापर्यंत. मी स्वयंपाकघरात होते, फोनवरचं सगळं ऐकू आलं. आमचा म्हणाला, "एका डिझाइनचे चारशे पडतील." पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज. मग काहीतरी बोलणं. मग हा, अगदी सरळ आवाजात, "पेंटरकाका पण घेतात. रात्र जाती माझी." परत काहीतरी. मग, "मग दुसरीकडं करून घे की भावा."

फोन ठेवला आणि भाकरी मागितली. मी काही बोलले नाही. हात कापत होते माझे.

खरीकॉर्नर | २१ सप्टेंबर, रात्री १०:४१

नाद खुळा!!!

निपाणी_मेल | २१ सप्टेंबर, रात्री ११:०२

चारशे कमी सांगितले. पण लय भारी.

सीमा_इचल | २१ सप्टेंबर, रात्री ११:१५

ताई, मी हे मोठ्यानं वाचून दाखवलं घरात. आमचा नववीतला ऐकत होता. काही म्हणाला नाही, पण टीव्हीचा आवाज कमी केला होता.

शाळामास्तर | २२ सप्टेंबर, सकाळी ८:००

उत्तम. पण ताई, आता जपा. पैसे मागितले हे शेठला झोंबणार. आणि मुलाचा रिकामा वेळ आता सुरू होईल. तो फार जड असतो.

अंबाईटँक | १७ नोव्हेंबर, रात्री ११:२०

मास्तर, तुमच्या तोंडात साखर नको घालायला, पण तसंच झालं.

ग्रुपमधून काढलं. गणपतीचे फ्लेक्स दुसऱ्याकडून झाले आणि एकावर खाली बारीक अक्षरात "गद्दारांना माफी नाही" असं होतं. नाव नव्हतं, पण कळायचं त्याला कळलं. स्कूटीची हवा दोनदा सोडली. विसर्जनाला हा घरातच बसला. कोल्हापुरात विसर्जनाच्या दिवशी सोळा वर्षांचा मुलगा घरात बसतो म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. महाद्वार रोडवरून आवाज येत होता, खिडक्यांच्या काचा हलत होत्या आणि हा पलंगावर पालथा.

पण त्याहून वाईट नंतरचं. हवा सोडायचंही थांबलं. कुणी शिव्याही देईना. संध्याकाळी सात वाजले की फोन हातात घेतो, बघतो, ठेवतो. दिवाळीत धाकटीला किल्ला करून दिला, मावळे मांडले, आणि सगळी गल्ली किल्ले बघत फिरत असताना हा वर जाऊन झोपला. पेंटरांकडं जातो, पण ते सत्तरीचे. त्यांच्याशी हा काय बोलणार? कॉलेजात अजून कुणाशी सूत जुळलेलं नाही. परवा धाकटी सांगत होती की त्यानं शेठला मेसेज टाईप केला होता, "काय करालाईस" एवढाच. पाठवला नाही, पण टाईप केला होता.

मला वाटायला लागलंय की आधी होतं ते बरं होतं का? निदान हसत तरी होता. ह्यांनी फुटबॉलच्या क्लासची चौकशी केली, मी चुलतबहिणीच्या मुलाला रविवारी बोलावलं, दोघं दोन तास शेजारी बसून आपापल्या फोनमध्ये. काय करू?

मी_येतो_की | १७ नोव्हेंबर, रात्री ११:५५

काकू, काहीच करू नका. खरंच. माझा हा काळ पाच-सहा महिने चालला. घरच्यांनी सारखं कुणाला तरी बोलावलं की वाटतं, आपण एकटे आहोत हे सगळ्यांना दिसतंय. मेसेज मी पण टाईप केले होते, एक-दोन पाठवलेपण. तिनं उत्तर दिलं, मी गेलो, अर्ध्या तासात परत आलो. गेलो म्हणून कळलं की आता मला तिथं कंटाळा येतो. त्यानं पाठवला तरी घाबरू नका.

जेवणाचं आणि झोपेचं तेवढं बघा.

शाळामास्तर | १८ नोव्हेंबर, सकाळी ७:४५

ही मुलगी माझ्यापेक्षा चांगलं सांगते. मी फक्त पुस्तकी जोड देतो. एरिक्सन म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, ह्या वयाचं मुख्य काम "मी कोण" हे ठरवणं, असं त्यांनी मांडलं. मार्सिया यांनी १९६६ मध्ये त्यात भर घातली. काही मुलं दुसऱ्यानं दिलेली ओळख न तपासता अंगावर घेतात, दिसायला ती शांत असतात, कारण प्रश्नच पडलेला नसतो. काही मुलं ती उतरवून ठेवतात आणि नवी अजून सापडलेली नसते. ह्या दुसऱ्या गटातल्यांना चिंता जास्त असते. म्हणजे ताई, "आधी हसत होता" हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे, पण त्यावरून आधी बरा होता असं ठरत नाही.

तरीही, जेवण सुटलं, झोप उडाली, किंवा जिवाचं काही बरंवाईट बोलला तर वाट बघू नका. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पालकांनीही फोन केला तर चालतो.

पेठेतला_म्हातारा | १८ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

गद्दार म्हणाले व्हय! पोराला माझा निरोप सांगा. खालचं सगळं वाचून दाखवा.

बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री, घरचं सुतारकाम. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता लोक पेंटर म्हणायला लागले. सिनेमा काढायचा होता, कॅमेरा नव्हता, तर इथं कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी चालवली. त्यांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल, धायबर, शांताराम शिकून तयार झाले. आणि १९२९ साली हे चौघं तिथनं बाहेर पडले, सीतारामपंत कुलकर्ण्यांना बरोबर घेतलं आणि प्रभात काढली. ती पण कोल्हापुरातच, पुण्याला १९३३ ला गेली. त्या वेळी गावात काय कमी बोललं गेलं असेल? ज्या माणसानं हात धरून शिकवलं त्याला सोडून निघाले. शेठनं तुमच्या पोराला तर काय शिकवलं पण नाही.

आणि पेंटरांना माझा नमस्कार सांगा. ते कोण ते मला कळलंय, नाव घेत नाही.

निपाणी_मेल | १८ नोव्हेंबर, सकाळी १०:१०

म्हातारबा, हे कडक.

गारगोटीकर | १८ नोव्हेंबर, दुपारी १२:३५

पहिल्यांदाच लिहितोय. मी फ्लेक्स प्रिंटिंगच्या धंद्यात. हे शेठलोक आमची पण उधारी बुडवतात. तुमच्या मुलाला सांगा की डिझाइनचे पैसे आधी, फाईल नंतर. आणि पुढं ह्याच लाइनला जायचं असेल तर दहावीवर चित्रकलेचा फाउंडेशन कोर्स होतो, किंवा बारावी करून सीईटी देऊन बीएफए, म्हणजे कलेची पदवी. गावात दळवीज आहे, कलानिकेतन आहे, दोन्ही कलेची कॉलेजं, एकदा जाऊन वर्ग चालू असताना नुसतं बघून या म्हणावं. रविवारी सकाळी पंचगंगा घाटावर, रंकाळ्यावर पोरं बोर्ड घेऊन बसलेली असतात, ती बघितली तरी पुरे. आबालाल रहमानांनी रंकाळा रंगवला त्याला शंभर वर्षं होऊन गेली, तरी अजून पोरं तिथंच बसतात.

अंबाईटँक | १८ नोव्हेंबर, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. म्हाताऱ्याबाबांचं वाचून दाखवलं. ऐकून घेतलं, म्हणाला, "कॅमेरा कसा बनवला?" एवढंच. मग रात्री उशिरापर्यंत काहीतरी वाचत बसला होता.

अंबाईटँक | २५ जानेवारी, रात्री ९:१५

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहिते. फार मोठं काही नाही.

घाटावर जायला लागला. पहिल्यांदा पेंटरांबरोबर, मग एकटा. तिथं कला महाविद्यालयाची दोन मुलं आणि एक मुलगी येतात, ह्याच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. त्यांच्यात हा सगळ्यात लहान, आणि ते ह्याच्या चित्राला सरळ वाईट म्हणतात. "पाणी रंगवलंयस का निळा पत्रा?" असं एकजण म्हणाला म्हणे. हे सांगताना हसत होता. शेठ कधी वाईट म्हणायचा नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तो बघायचाच नाही, फक्त फाईल घ्यायचा.

चित्रं बरी आहेत का, मला कळत नाही. पण आता मी "छान आहे" म्हणून जेवायला वाढत नाही, विचारते हे इथं काळं का केलंस. कधी सांगतो, कधी म्हणतो, "आई, जाऊ दे."

शेठ भेटतो. गल्ली एकच, जाणार कुठं? परवा दूध आणायला गेला तेव्हा कट्ट्यावरून त्यानं हाक मारली, "काय आर्टिस्ट!" हा थांबला, दोन मिनिटं बोलला, आला. मी विचारलं काय म्हणाला. "काय नाही, बारावीचा फॉर्म भरलाय म्हणाला, बाहेरून." त्यात राग नव्हता, आणि ओढही नव्हती. निपाणी, तुम्ही शेठच्या आईचं म्हणाला होता. ती मला कपिलतीर्थ मार्केटात भेटते. पूर्वी मी दुसऱ्या बाजूनं जायची. आता बोलते. तिला मूल कळायच्या आधी गाडीचा हप्ता कळला, असं ती स्वतःच म्हणाली. त्याच्या वडिलांचं इथं लिहीत नाही.

जुना गट अजून तुटलेलाच आहे. कॉलेजात एक मुलगा डब्याला बरोबर बसतो, सध्या एवढंच. फाउंडेशन का बारावी ह्यावर घरात रोज वाद. ह्यांना डिप्लोमा हवा, मेकॅनिकल. ते वेगळ्या धाग्यात.

पेंटरांनी त्याला पहिली पाटी लिहू दिली. एका किराणा दुकानाची, चार बाय दोनची. शिरोरेघ ते ओढणार होते, मग म्हणाले तूच ओढ. मी नव्हते तिथं, धाकटी होती. ती म्हणते मधे थोडी थरथरली आहे, "ला" च्या वर. पुसली नाही.

मी_येतो_की | २५ जानेवारी, रात्री ९:४०

काकू 🙂

पेठेतला_म्हातारा | २५ जानेवारी, रात्री ९:५२

मेकॅनिकल करू द्या नाहीतर काही करू द्या, ब्रश सोडू देऊ नका.

वकिलीण_बाई | २५ जानेवारी, रात्री १०:०३

नंबर प्लेटची कामं घेऊ नका हं. "दादा", "बॉस" लिहून आकडे वाकडे केले की दंड गाडीवाल्याला होतो, पण शिव्या पेंटरला मिळतात.

अंबाईटँक | २५ जानेवारी, रात्री १०:०८

घेत नाहीत. पेंटरकाकांनी आधीच बंद केलंय ते.

गारगोटीकर | २५ जानेवारी, रात्री १०:२०

ताई, मी धंदा फ्लेक्सचा करतो, पण माझ्या स्वतःच्या दुकानाला हाताची पाटी पाहिजे. सहा बाय तीन. गुरूशिष्य दोघं मिळून करतील काय? पैसे आधी देतो.

अंबाईटँक | २५ जानेवारी, रात्री १०:४४

विचारलं. पत्रा तुमचा, रंग त्यांचा, चार दिवस लागतील, वाळायला एक दिवस वेगळा. मोबाईल नंबर मराठी आकड्यांत पाहिजे का इंग्रजी ते आधी सांगा म्हणतोय, नंतर बदलून मिळणार नाही. दर व्यनि करते.